मदत हवी आहे: ओव्हरक्लॉक केलेला (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवलेला) ८७००के प्रोसेसर ४.८ गिगाहर्ट्‌झवर स्थिर होत नाही, व्होल्टेज वाढवलं की ९५ अंशांच्या वर जातो

प्रोसेसर इंटेल आय७-८७००के, झेड३७० मदरबोर्ड, १२० मिमीच्या दोन पंख्यांचा टॉवर एअर कूलर. सगळ्या कोअरना ४८ मल्टिप्लायर (म्हणजे ४.८ गिगाहर्ट्झ), बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) व्होल्टेज १.२८ फिक्स.

सिनेबेंच (रेंडरची चाचणी) अर्धा तास नीट चालतो, तापमान ८४-८५. पण प्राइम९५ ही ताण-चाचणी स्मॉल एफएफटी प्रकारात, एव्हीएक्ससह (प्रोसेसरला जास्त तापवणाऱ्या गणिती सूचना) लावली की चार-पाच मिनिटांत निळा स्क्रीन येतो, 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट'. त्या वेळी व्हीकोअर (कोअरला प्रत्यक्ष मिळणारं व्होल्टेज) १.२१ पर्यंत घसरलेलं दिसतं. लोडलाइन कॅलिब्रेशन (भार आल्यावर व्होल्टेज घसरणं कमी करणारं सेटिंग) एक पायरी वाढवलं तर १.२६ ला टिकतं, क्रॅश होत नाही, पण कोअर २ थेट ९७ वर. बाकीचे कोअर त्याच्यापेक्षा ७-८ अंश थंड असतात, हे मला खटकतंय.

एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग) बंद करून पाहिलं, फरक नाही. मेमटेस्टचे (रॅमची चाचणी) चार पास स्वच्छ. कूलरखालची थर्मल पेस्ट दोनदा बदलली; कूलर काढल्यावर तिचा ठसा चारही कोपऱ्यांपर्यंत सारखा पसरलेला होता, त्यामुळे बसवण्यात चूक नसावी. कॅबिनेटची बाजू उघडी ठेवली तर जेमतेम ३ अंश कमी होतात. खोलीत सध्या ३३ अंश, एसी नाही. स्टॉक सेटिंगवर काहीच अडचण नाही.

प्रोसेसरच्या आतली पेस्ट बदलायला त्याचं झाकण उघडायचं नाहीये, नवा कूलरही इतक्यात घेणार नाही. मशीनवर रोज रात्रभर ब्लेंडरचे रेंडर चालतात, म्हणून स्थिरता महत्त्वाची.

अशा वेळी लोडलाइन आधीच्या पायरीवर आणून एव्हीएक्स ऑफसेट २ (एव्हीएक्सचं काम चालू असताना मल्टिप्लायर २ ने कमी) ठेवणं बरं, की ऑफसेट न लावता सरळ ४.७ वर येऊन व्होल्टेज उतरवावं? आणि एकाच कोअरचं तापमान बाकीच्यांपेक्षा ७-८ अंशांनी जास्त असणं या चिपमध्ये नेहमीचं आहे का?