मदत हवी आहे : आम्ल ओळखणाऱ्या घरगुती पट्ट्या

नमस्कार मंडळी. सांगलीजवळच्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. लिटमस कागद संपलेत, नवे कधी येतील सांगता येत नाही.

हळदीला आपल्याकडे तोटा नाही, म्हणून फिल्टर पेपर हळदीत बुडवून पट्ट्या केल्या. चुन्याची निवळी टाकली की लगेच लालसर. कुंकूही हळदीला चुना लावूनच करायचे, हे सांगितल्यावर वर्ग खूश! पण लिंबू पिळा नाहीतर नुसतं पाणी घाला, पट्टी पिवळी ती पिवळीच. मग आम्ल ओळखायचं कसं?

जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकून बघितल्या. लिंबाने गुलाबी-लाल, खायच्या सोड्याने हिरवट, अगदी झकास. अडचण अशी की या उन्हाळ्यात रस दुसऱ्या दिवशी वास मारतो आणि उन्हात वाळवलेल्या पट्ट्यांचा रंग उडतो. शाळेत फ्रीज नाही.

पट्ट्या सावलीत वाळवल्या तर टिकतील का? रस पाण्याऐवजी स्पिरिटमध्ये काढावा का? कागद कोणता घ्यावा? गोकर्णाची निळी फुलं कुणी वापरलीत का? लाल कोबी कृपया सुचवू नका, आमच्या आठवडी बाजारात तो दिसत नाही. स्वतः करून पाहिलेलंच सांगा, प्रात्यक्षिक पुढच्या आठवड्यात आहे.