बदलांचा इतिहास कोणी ठेवायचा: डेटाबेसने की अ‍ॅप्लिकेशनने?

सातपूरवासी
नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या कारखान्यांसाठी आणि दिंडोरी-पिंपळगावकडच्या द्राक्ष पॅकहाउससाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांकडे एक मागणी हटकून येते: ‘हा दर आधी किती होता, तो कधी आणि कोणी बदलला, ते दाखवा.’ माझे मत असे की, हे काम अ‍ॅप्लिकेशनच्या कोडवर सोडू नये. कोडमधल्या एखाद्या फंक्शनमध्ये इतिहास लिहायचा राहिला, किंवा कोणी रात्री थेट डेटाबेसवर अपडेट चालवला, की नोंदींची साखळी तुटते आणि ती तुटल्याचे कळतही नाही.

डेटाबेसशी बोलण्याची भाषा असलेल्या एसक्यूएलच्या २०११ च्या मानकात यासाठी सिस्टिम-व्हर्जन्ड टेबलांची, म्हणजे स्वतःचा इतिहास आपोआप ठेवणाऱ्या टेबलांची, तरतूद आहे. एसक्यूएल सर्व्हर २०१६ या डेटाबेसमध्ये चालू ओळ मूळ टेबलात राहते आणि प्रत्येक बदलाच्या वेळी जुनी ओळ ‘कधीपासून-कधीपर्यंत’ या दोन वेळांसह इतिहासाच्या टेबलात आपोआप जाते, मारियाडीबी या डेटाबेसमध्येही आवृत्ती १०.३ पासून अशीच सोय आहे. क्वेरीत ‘फॉर सिस्टिम टाइम अ‍ॅज ऑफ’ लिहून वेळ दिली की त्या क्षणीचे टेबल समोर येते. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद न करता येणारी बदल-नोंद सक्तीची झालेली आहे.

गोदाकाठ
आपण ‘कोणी बदलला’ असे लिहिलेत, पण नेमके तेच या टेबलांना ठाऊक नसते. आपली सर्व अ‍ॅप्लिकेशन्स एकाच लॉगिनने डेटाबेसशी जोडलेली असतात. त्यामुळे डेटाबेसच्या दृष्टीने प्रत्येक बदल त्या एकाच लॉगिनने केलेला असतो. कारण तर मुळीच कळत नाही. ८२ चा दर ८५ झाला, तो टायपिंगची चूक सुधारली म्हणून की बागायतदाराशी नव्याने बोलणी झाली म्हणून? दोन्हींचा अपडेट हुबेहूब सारखा दिसतो, पण पहिल्यात जुनी बिले दुरुस्त करावी लागतात आणि दुसऱ्यात त्यांना हात लावायचा नसतो. हा फरक ज्या थराला कळतो, त्यानेच इतिहास लिहावा.

कायद्याचा आधारही मला लंगडा वाटतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये पुरेसे अधिकार असलेली व्यक्ती एका आदेशाने व्हर्जनिंग (इतिहास ठेवण्याची सोय) बंद करून इतिहासाच्या टेबलात फेरफार करू शकते. ‘बंद न करता येणारी’ हे विशेषण त्याला कसे लावायचे?

सातपूरवासी
अधिकारांचा मुद्दा मान्य. ते अधिकार कोणाकडे असावेत, हा कारभाराचा प्रश्न आहे. पण तो आपल्या कोडने लिहिलेल्या नोंदींनाही तितकाच लागू होतो. ‘कोणी’साठी ओळीतच ‘बदलणारा’ असा कॉलम ठेवला की तो मजकूर इतिहासात आपोआप उतरतो. फक्त डिलीटच्या वेळी सावध राहावे लागते: ओळ काढून टाकली की इतिहासात आधीच्या बदल करणाऱ्याचे नाव राहते, काढणाऱ्याचे नाही. त्यामुळे आधी नाव बदलणारा अपडेट आणि मग डिलीट, असा क्रम प्रोसिजरमध्ये (डेटाबेसमध्येच साठवलेल्या कोडमध्ये) बांधून टाकावा.

फेरफारवही
आपण दोघेही एकाच काळाबद्दल बोलत आहात, आणि अडचणीचे मूळ तिथेच आहे. सातबारा डोळ्यांसमोर आणा. खातेदार मार्चमध्ये वारला, वारसांची नोंद फेरफार वहीत ऑगस्टमध्ये धरली गेली आणि मंडळ अधिकाऱ्यांनी ती सप्टेंबरमध्ये प्रमाणित केली. वारसांचा हक्क मार्चपासूनचा, पण दप्तराला तो नंतर कळला. (हस्तलिखित उताऱ्यावर जुने नाव कंसात जात असे, पुसले जात नसे, आपल्या पुष्कळ डेटाबेसांपेक्षा ती शिस्त बरी होती.)

आता द्राक्षांचा दर घ्या. १० फेब्रुवारीपासून लागू असलेला नवा दर २० फेब्रुवारीला नोंदवला गेला. मधल्या काळात, १५ तारखेला निघालेले बिल जुन्याच दराने झाले. ‘त्या दिवशी बिल कोणत्या दराने काढले?’ याचे उत्तर सिस्टिमच्या काळात मिळते. ‘त्या दिवशीच्या मालाला खरा दर कोणता?’ याचे उत्तर मात्र लागू असण्याच्या काळातच मिळेल, आणि या दोन उत्तरांतला फरक म्हणजे बागायतदाराचे देणे. सिस्टिम-व्हर्जन्ड टेबल केवळ पहिले उत्तर देते. दुसऱ्यासाठी ‘लागू-पासून’ आणि ‘लागू-पर्यंत’ हे कॉलम आपणच ठेवावे लागतात. तसे ठेवले, तर गोदाकाठ यांनी विचारलेला ‘दुरुस्ती की बदल’ हा प्रश्नही पुष्कळसा सुटतो: दुरुस्तीत ‘लागू-पासून’ मागची तारीख घेते, नव्या बोलणीत पुढची.

पोस्टग्रेसप्रेमी
पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये सिस्टिम-व्हर्जनिंग अंगभूत नाही. गंमत म्हणजे बर्कलीच्या मूळ पोस्टग्रेसमध्ये भूतकाळातली स्थिती वाचण्याची सोय होती आणि आवृत्ती ६.२ मध्ये ती काढून टाकली गेली. मात्र फेरफारवही म्हणतात तो दुसरा काळ इथे चांगला सांभाळता येतो: रेंज टाइप (‘पासून-पर्यंत’ एकत्र साठवणारा कॉलम) आणि एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट (एकमेकांशी टक्कर होणाऱ्या ओळी नाकारणारा नियम) वापरून एकाच मालाच्या दोन दरांचे कालखंड एकमेकांवर चढू न देण्याची हमी डेटाबेसकडून घेता येते. आवृत्ती १८ मध्ये तर प्रायमरी कीलाच (ओळ ओळखण्याच्या किल्लीलाच) ‘विदाउट ओव्हरलॅप्स’, म्हणजे ‘कालखंड एकमेकांवर न चढता’, ही अट लावता येते. कालखंडाची सुरुवात धरावी, शेवट धरू नये. नाहीतर सीमेवरच्या क्षणी दोन दर निघतात.

गोदाकाठ
दर आणि करार यांच्यापुरते दोन काळ मला मान्य आहेत. पण पत्ता, फोन नंबर, वाहन क्रमांक अशा प्रत्येक टेबलाला ते लावले, तर प्रत्येक जॉइनमध्ये (टेबले जोडणाऱ्या क्वेरीत) तारखांच्या चार अटी येतील आणि नवा मुलगा त्यातली एक हमखास विसरेल.

आणि ‘त्या क्षणीचे टेबल’ या शब्दांवरही फार विसंबू नये. एसक्यूएल सर्व्हर ट्रान्झॅक्शन (एकत्र होणाऱ्या बदलांचा गट) सुरू झाल्याची वेळ नोंदवतो, कमिट झाल्याची, म्हणजे बदल पक्के झाल्याची, नाही. ११ वाजता सुरू झालेली दरांची आयात ११:०५ ला संपली. रीड कमिटेड स्नॅपशॉट (पक्के न झालेले बदल सोडून आधीची स्थिती दाखवणारी सोय) चालू असल्यामुळे ११:०३ ला छापलेल्या अहवालात जुने दर आले. नंतर ११:०३ ची स्थिती विचारली तर नवे दर येतात, म्हणजे त्या वेळी कोणालाच न दिसलेले टेबल. म्हणून मी बिलाच्या ओळीतच दर लिहून ठेवतो आणि वादाच्या वेळी इतिहासाकडे जात नाही.

सातपूरवासी
बिलात दर गोठवावाच, त्याबद्दल वाद नाही. तिथे छापलेला आकडा मिळतो. दराच्या टेबलातला चुकीचा आकडा कधीपासून होता आणि त्याने आणखी किती बिले बिघडवली, हे मिळत नाही. ते शोधायचे तर इतिहासाचेच टेबल उघडावे लागते, आणि उघडताना हेही पाहावे की तिथल्या वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, आहेत: आपली १ एप्रिलची मध्यरात्र तिथे ३१ मार्चच्या सायंकाळचे साडेसहा असते. हंगामात रात्रपाळी चालणाऱ्या पॅकहाउसला त्या साडेपाच तासांत बराच माल येतो.