गरीब देशाने इंटरनेटच्या जाळ्यासाठी परक्यांचा पैसा घ्यावा का?

खाडीकाठ (दाभोळ)
‘परदेशी देणगीवर डिजिटल जाळं उभारणारे देश स्वतःला गहाण टाकतात,’ असं इथे कुणीतरी ठणकावून लिहिलं होतं. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

प्रशांत महासागरातला टोंगा हा बेटांचा देश घ्या. लोकसंख्या जेमतेम १ लाख, म्हणजे आपला एखादा तालुका. फिजीपर्यंतची ८२७ किलोमीटरची समुद्री केबल जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेच्या अनुदानातून झाली, २०१३ मध्ये सुरू झाली. तोवर सगळा कारभार उपग्रहावर. एवढ्याशा लोकांच्या रिचार्जमधून ती केबल कधी निघाली असती? ज्याला बाजार उभं करत नाही त्याने अनुदान मागावं, लाजू नये. कर्ज थकण्याचा मोठा धोका असलेल्या देशांना जागतिक बँकेची आयडीए शाखा पैसे अनुदान म्हणूनच देते. आपणही २०१४ पर्यंत तिच्याच सवलतीच्या कर्जदारांत होतो.

नाना_गुहागर
परतफेड नसते, पण मालक असतो. नाउरू, किरिबाती आणि मायक्रोनेशियासाठी जागतिक बँकेनं केबलची निविदा काढली. त्यात एक चिनी कंपनी होती. अमेरिकेनं सुरक्षेचा मुद्दा काढला आणि २०२१ मध्ये ती निविदा कुणालाच न देता गुंडाळली. त्याच डिसेंबरात अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया पैसे घेऊन हजर! केबल कुणी टाकायची हे ठरलं वॉशिंग्टन-कॅनबेराच्या सोयीनं. बेटांवरच्या माणसाला कोण विचारतो?

आणि भरवसा किती? २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेनं मदत थांबवली, मार्चपर्यंत यूएसएड या तिच्या परदेशी मदत संस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द. ज्यांचं काम अर्धवट होतं त्यांनी काय करायचं?

आपली कोकण रेल्वे बघा. केंद्रानं ५१ टक्के भांडवल घातलं, उरलेलं महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळनं. बाकी पैसा रोख्यांतून. १९९८ मध्ये गाडी धावली. कुणापुढे हात पसरला नाही.

देवगडची बाई
नाना, रोखे घेणाऱ्यांनी रत्नागिरीकडे बघून पैसे दिले नव्हते, दिल्लीकडे बघून दिले. किरिबातीच्या मागे कोण उभं आहे? आणि त्या कर्जाचं ओझं कोकण रेल्वेनं पुढे किती वर्षं वाहिलं, तेही सांगा की.

तुम्हाला स्वावलंबनाचं उदाहरणच हवं असेल तर गावोगावी इंटरनेट नेणाऱ्या भारतनेटचं द्या. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातले ५ टक्के सरकार काढून घेतं, त्या निधीतून खेड्यांची फायबर आणि टॉवर होतात. हाच आताचा डिजिटल भारत निधी. पण त्याला कोट्यवधी ग्राहक लागतात. १ लाख माणसांच्या महसुलाचे ५ टक्के म्हणजे किती, तुम्हीच हिशेब करा.

(अलिबागच्या भूमिगत वीजवाहिन्या जागतिक बँकेच्या मदतीच्या चक्रीवादळ प्रकल्पातल्या आहेत. तिथे कुणी गहाण पडल्याचं ऐकलं नाही.)

बापू मालवण
पैसो कोणाचो ता सोडा. केबल तुटली तर जोडतलो कोण? होडी बांधून देवक सगळे येतत, पावसाआधी ती ओढून वर घेवक कोणच येणा नाय.

खाडीकाठ (दाभोळ)
बापूंनी नेमकं धरलं. १५ जानेवारी २०२२ ला ज्वालामुखी फुटला आणि टोंगाची केबल तुटली. दुरुस्तीचं जहाज पोर्ट मोरेस्बीहून आलं, फिजीकडची केबल जुळायला पाच आठवडे गेले. देशातल्या बेटांना जोडणारी दुसरी केबल तर २०२३ मध्ये जुळली. पण हा दोष मागणाऱ्याचा आहे. प्रस्तावातच दुरुस्तीचा निधी आणि जहाजाचा करार का लिहून घेऊ नये?

सल्लागार_चिपळूण
माझं काम असे प्रस्ताव लिहिण्याचंच. लिहून घेता येतं, पण सहज नाही. देणाऱ्याला फीत कापायची असते. ‘अमुक किलोमीटर फायबर’ हे अहवालात दिसतं, ‘दहा वर्षं डिझेल आणि लाइनमनचा पगार’ दिसत नाही. म्हणून चालू खर्च पहिल्या दिवसापासून त्या देशाच्या अर्थसंकल्पात दाखवावा लागतो. अर्थखात्याची सही नसली तर तो प्रस्ताव मी पुढे पाठवत नाही.

दुसरं म्हणजे आराखडा मंत्रालयाचा हवा. नाहीतर आरोग्याचं ॲप एका देशाचं, शेतीचं दुसऱ्याचं, आणि दोन्ही एकमेकांशी बोलत नाहीत. नानांच्या ‘मालका’वर थोडा उतारा आहे. बंगळुरूच्या आयआयआयटीत तयार झालेली मोसिप ही ओळखपत्राची प्रणाली मुक्त स्रोत आहे, म्हणजे तिचा कोड कुणालाही घेता-बदलता येतो. ती वापरणाऱ्या इथिओपियाच्या डिजिटल ओळखीसाठी जागतिक बँकेनं २०२३ मध्ये ३५ कोटी डॉलर मंजूर केले. पैसा परका असला तरी कोड घेणाऱ्या देशाच्या हातात राहू शकतो.

नाना_गुहागर
कोड हातात राहील, सर्व्हर कुणाच्या? तुम्ही सॉफ्टवेअरचं बोलताय, मी केबलचं. मुक्त स्रोत केबल असते का?

देवगडची बाई
नाना, निसर्ग वादळात श्रीवर्धनकडे दिवसेंदिवस फोन लागत नव्हते. तिथले टॉवर देशी कंपन्यांचे, देशी पैशाचे होते. मग तेव्हा मालक कुठे होता?

नाना_गुहागर
तो होता मुंबईत, बाई. तिथे जाऊन भांडता तरी येतं. कॅनबेराला एसटी जात नाही.