आईच्या मोबाईलमध्ये अ‍ॅप टाकलं म्हणजे झालं का?

तर्रीपोहे:
काल एकानं लिहिलं, "आईबाबांच्या मोबाईलमध्ये पडल्याचं ओळखणारं अ‍ॅप टाका अन् पुण्यात निवांत झोपा." डोकंच फिरलं. माझी आई ७४ची. मागच्या मे मध्ये पहाटे कूलरमध्ये पाणी भरायला उठली, पाईप निसटला, टाइल्सवर पाणीच पाणी अन् आई आडवी. मोबाईल कुठं? फ्रिजवर, चार्जिंगला, वरून क्रोशाचा रुमाल. दीड तास पडून होती, दूधवाला बेल वाजवून थकला तेव्हा शेजारच्या काकू मागच्या दारानं आत गेल्या. खुब्याचं हाड मोडलं. बाया घरात गाऊनवर असतात, खिसा आणायचा कुठून? सेन्सर काय फ्रिज पडायची वाट पाहून राहिला?

कोडवाला_त्रिमूर्तीनगर:
फ्रिजवर ठेवला त्यात सेन्सरची काय चूक? पडताना अ‍ॅक्सलरोमीटरचं, म्हणजे हालचालीचा जोर मोजणाऱ्या सेन्सरचं, रीडिंग क्षणभर शून्याजवळ जातं, मग जोराचा धक्का, मग सामसूम. उभ्याचं आडवं झालं ते जायरोस्कोपवरून, म्हणजे फोन किती वळला ते मोजणाऱ्या सेन्सरवरून कळतं. माझे बाबा इथं नागपुरात अंबाझरी तलावावर फिरताना पडले, मोबाईल खिशात होता, लोकेशनसकट मेसेज आला, दहा मिनिटांत पोचलो. तुमच्यासारखे लोक हेल्मेटलाही नावं ठेवत होते.

महालची_सून:
हेल्मेट राहू दे भाऊ. माझे सासरे पलंगावरून घसरत घसरत खाली बसले, ना शून्य ना धक्का, अ‍ॅप गप्प. अन् सोफ्यावर मोबाईल फेकला की बोंबाबोंब. तीनदा ऑफिसातून धावत आले, चौथ्यांदा म्हटलं असेल सोफाच. त्याचीच भीती वाटते. सिसफॉल म्हणून २०१७चा डेटा आहे, पडणं ओळखणारी अ‍ॅप तपासायला लोकांच्या हालचाली नोंदवलेला, त्यात ३८ जण, १५ म्हातारे, पण म्हाताऱ्यांपैकी पडून दाखवलं एकट्यानं, तोही ६० वर्षांचा ज्युदोवाला. आमचे सासरे ज्युदो खेळत नाहीत.

गुडघेदुखी_६८:
तुम्ही ज्या म्हाताऱ्यांबद्दल बोलून राहिले त्यातलाच मी एक. आम्ही पडतो काऊन? सिमेंट रोड! रस्त्यावर रस्ता चढवला, घर गेलं खड्ड्यात. फाटकातून बाहेर पडायला दोन पायऱ्या बांधल्या, कठडा नाही, तिथंच दोनदा आपटलो.

सदरवाला:
काका, एकदम बरोबर! २३ सप्टेंबर २०२३ आठवा, अंबाझरी ओसंडला अन् वस्त्यांत पाणी शिरलं. रोड उंच केले की पाणी घरात नाही तर कुठं जाईल?

कोडवाला_त्रिमूर्तीनगर:
विषय मोबाईलचा आहे, रोडचा नाही!!

गुडघेदुखी_६८:
पोट्ट्या, फाटकातून मी जातो का तुहा मोबाईल जातो?

सदरवाला:
आमच्या गल्लीत तर दुभाजकाचा दगड दिसतच नाही रात्री. नाल्या बुजल्या, झाकणं गायब.

महालची_सून:
आता झाकणांवर आले. कोडवाल्या भाऊ, तुझ्या बाबांचं खरं मानते, फिरायला जाताना मोबाईल खिशात असतो, तेवढ्यापुरतं ठीक. पण बॅटरी वाचवायला फोन स्वतःच मागे चालू असलेलं अ‍ॅप बंद करून टाकतो, ते कोण पाहणार? सासरे?

कोडवाला_त्रिमूर्तीनगर:
सेटिंगमध्ये बॅटरीचं बंधन काढायचं असतं. बरं, ते मी बाबांना स्वतः करून दिलं होतं, कबूल. धन्य आहात सगळे.

तर्रीपोहे:
दोन दिवसांनी सांगतो. हरलो म्हणा हवं तर, अ‍ॅप टाकलं, गाऊनला खिसाही शिवून घेतला. आईनं खिशात किल्ल्या अन् सुपारीची डबी ठेवली. मोबाईल फ्रिजवर.