सर्दीतून उठताना बाळाच्या पांघरुणाची आखणी: सूत, वजन आणि टाका यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नाशिकच्या थंडीने यंदा मला चांगलेच गाठले. ताप उतरला आहे, अंगदुखीही गेली आहे; परंतु नाक अजून वाहते आणि रात्री आडवे झाले की खोकल्याची उबळ येते. डॉक्टरांच्या मते सर्दी विषाणूजन्य असल्याने प्रतिजैविकांचा उपयोग नाही. वाफारा घ्यावा, विश्रांती घ्यावी, आणि खोकला पूर्ण जायला तीन आठवडेही लागू शकतात, हे धरून चालावे. नाकासाठी दिलेल्या गोळीने मात्र इतकी गुंगी येते की क्रोशाच्या साखळ्या (विणीच्या सुरुवातीचे साखळीसारखे टाके) मोजताना साठाच्या पुढचा आकडा डोक्यात टिकत नाही. म्हणून मुख्य विणकाम बाजूला ठेवून या सक्तीच्या विश्रांतीत फक्त आखणी पक्की करावी असे ठरवले आहे.

भाचीचे बाळंतपण फेब्रुवारीच्या अखेरीस नागपूरला आहे आणि बाळासाठी मला क्रोशाचे 75 बाय 90 सेंटिमीटरचे पांघरूण करायचे आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचा आग्रह लोकरीचा आहे. मला तो पटत नाही, कारण बाळ महिन्याचे होईपर्यंत नागपुरात उन्हाळा लागलेला असेल, आणि खरी लोकर गरम पाण्यात घुसळली गेली की आटून घट्ट होते. बाळाचे कपडे तर रोजच धुवावे लागतात. ॲक्रिलिक धुवायला सोपे, पण घाम शोषत नाही. त्यामुळे सुती दोऱ्याकडे माझा कल आहे. मात्र सुती पांघरूण जड होते आणि धुतल्यावर लांबीत ओघळते असे ऐकले आहे. ज्यांनी एवढ्या आकाराचे सुती काम केले आहे, त्यांचा अनुभव काय?

आता दोऱ्याच्या हिशेबाकडे येते. आठ प्लायचा (मध्यम जाडीचा) सुती दोरा आणि 4 मिलिमीटरची सुई घेऊन खांबांचा (क्रोशाच्या उंच टाक्यांचा) 10 सेंटिमीटरचा चौकोनी नमुना विणला, तो धुऊन वाळवला आणि मगच मोजला. रुंदीत 16 खांब बसले, म्हणजे 75 सेंटिमीटरला 120 खांब. वळणाच्या, म्हणजे ओळीला उंची देणाऱ्या, तीन साखळ्या पहिला खांब म्हणून धरल्यास सुरुवात 122 साखळ्यांनी होईल. स्वयंपाकघरातल्या काट्यावर नमुना 7 ग्रॅम भरला. पूर्ण पांघरूण अशा साडेसदुसष्ट चौकोनांएवढे होते, म्हणून साधारण 475 ग्रॅम दोरा लागेल. अडचण अशी की हा काटा अर्धा ग्रॅम सहज इकडेतिकडे दाखवतो, आणि तेवढ्याने एकूण हिशेब 440 ते 505 ग्रॅमपर्यंत हलतो. काठाची वीण वेगळीच. नंतर त्याच लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेला, दोरा मिळत नाही आणि रंगात फरक दिसतो, म्हणून एकदाच 600 ग्रॅम घ्यावा का, की हा अंदाज फारच सढळ आहे?

टाक्याबाबतही द्विधा आहे. नुसत्या खांबांच्या मधल्या फटींत नवजात बाळाची बोटे अडकतील अशी भीती वाटते. मुका खांब (खांबापेक्षा बुटका टाका) घट्ट बसतो, पण त्याच सुईवर वीण ताठ होते आणि वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. एक ओळ खांबांची आणि एक मुक्या खांबांची, असे कोणी करून पाहिले आहे का? झालर आणि गोंडे मी मुळातच वगळले आहेत. शिवाय वर्षाच्या आतील बाळाच्या झोपण्याच्या जागी सैल पांघरूण ठेवू नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, म्हणून हे केवळ मांडीवर घेताना किंवा बाहेर नेताना वापरायचे, हे भाचीला आधीच कळवले आहे.

शेवटचा प्रश्न माझ्या प्रकृतीचा. दोऱ्याच्या बारीक तुसांनी खोकला चाळवतो, हा अनुभव इतरांनाही आहे का? असल्यास तोंडाला रुमाल बांधून बसावे, की खोकला पूर्ण थांबेपर्यंत सुई हातात घेऊच नये? तयार पांघरूण बाळाकडे जाण्यापूर्वी साबणाने धुऊन उन्हात वाळवणार आहेच. परंतु पांढऱ्यावर गडद निळा काठ करण्याचा विचार असल्याने कच्चा रंग उतरण्याची धास्ती आहे, तेव्हा पक्क्या रंगाचा सुती दोरा नाशिकमध्ये कोणत्या भागात मिळतो, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.