लाईन आली हे नुसत्या आवाजातून कसं दाखवायचं? (शॉर्टफिल्म)

दारव्ह्याचा पोट्टा
कॉलेजसाठी दहा मिनिटांची फिल्म करून रायलो. बाप-लेक हरभऱ्याच्या वावरात रात्री लाईनची वाट पाहत बसलेत. शेतीची पाळी रात्रीची, बाराला येणार म्हणतात अन् येत नाही. शेवटी येते, तेव्हा मोटर, विहीर, बल्ब काहीच दाखवायचं नाही. फक्त बापाचा चेहरा. सामान म्हणजे दोन मोबाईल अन् लॅपटॉप. चाचणीचं शूट केलं तर बोलणं कमी, वारंच जास्त. मित्र म्हणतेत, खाली बासरी टाक, सगळं झाकून जाते. मले ते पटत नाही.

वडशाचा माईकवाला
बासरी टाकू नको बाप्पा. मी झाडीपट्टीच्या नाटकांत रात्र-रात्र माईक सांभाळतो. प्रेक्षकाले कान असतात, हे पेटीवाल्यालेच पटत नाही.

आधी सांग, मोटर कोणती? पाणबुडी असेल तर ती पाण्यात, वर तिचा आवाज जवळपास येतच नाही. ऐकू येते तो स्टार्टर. आतला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरले करंट जोडणारा स्विच, ‘खट्ट’ करून चिकटते अन् डब्बा घुमत राहते. मग पाईप. आधी नुसती हवा फुसफुसते, मग गुळण्या टाकल्यासारखं पाणी थांबून थांबून येते, मग धार. स्प्रिंकलर असतील तर प्रेशर बनल्यावर चट-चट-चट धरतात. हा क्रम म्हणजेच तुझा सीन.

प्रत्येक आवाज वेगळा घे. डब्ब्याजवळ फोन हातभर अंतरावर, पाईपच्या तोंडाशीही तसाच, स्प्रिंकलरले वीसेक पावलं मागून. एका जागी उभं राहून सगळं घेशील तर पुढं एकही आवाज कमी-जास्त करता येणार नाही. डब्ब्याचं झाकण मात्र उघडू नको, आत ४१५ व्होल्ट आहेत.

एडिटिंगमध्ये ‘खट्ट’ लेकाच्या शॉटवर पाड, बापाचा चेहरा त्याच्यामागून येऊ दे. आवाज आधी, चित्र मागून, यालेच जे-कट म्हणतात. लेक मान वळवेपर्यंत बापानं ऐकलेलं असते.

अन् त्याआधीची शांतता म्हणजे रिकामा ट्रॅक नव्हे. रिकामा ठेवला तर लोक म्हणतील स्पीकर गेला. शूट आटोपलं की सगळ्यांले गप उभं करून त्या जागेचा मिनिटभर आवाज घे. तोच संवादाखाली पसरव, कापलेले जोड कानाले लागत नाहीत. इंटरनेटवरचे रातकिडे घेऊ नको, तो पावसाळ्यातला कल्ला असते. हरभऱ्याच्या थंडीत टिटवी, लांबचं कुत्रं, कुणाच्या जागलीतून डुक्कर हाकलायची आरोळी, एवढंच पुरे.

वाशीमकर, सध्या पुण्यात
वाऱ्याचं सांगतो. दुसरा फोन फ्लाईट मोडवर टाकून बापाच्या छातीवर, मफलरच्या आत लपवा. एकच थर असू द्या, आणि लोकर माईकला घासत नाही ना, ते हेडफोन लावून ऐका. ऑटो गेन बंद करता येणारं रेकॉर्डिंग अॅप घ्या, नाहीतर बोलणं थांबलं की फोन स्वतःच आवाज वाढवतो आणि सूंऽऽ सुरू होतं. रेकॉर्डिंग वेव्ह (WAV) फाईलमध्ये, सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवा, कारण व्हिडिओचा आवाज बहुधा तसाच असतो. प्रत्येक टेकला कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा, जुळवायला सोपं. वाऱ्याची घरघर उरलीच तर एडिटिंगमध्ये ८० हर्ट्झच्या खालचे जाडे आवाज कापा.

ओलितवाला
मले साऊंडमधलं कळत नाही, पण एक विचारतो. बाप बसूनच आहे तर स्टार्टरचं बटन दाबलं कोणं? लाईन आली की मोटर आपोआप चालू करणारा ऑटो स्विच आहे का? असेल तर लाईन आल्या-आल्या मोटर उठत नाही, टायमर लावलेला असते. अन् त्याच वेळी गावातले दिवे लागलेले दाखवू नका. आमच्याकडं शेतीचा फीडर (सबस्टेशनवरून येणारी लाईन) वेगळा, गावाचा वेगळा.

दारव्ह्याचा पोट्टा
भाऊ, हे डोक्यातच नव्हतं. पाणबुडी आहे अन् ऑटो स्विचही. म्हणजे बाप उठणार नाही, बसल्याजागी ऐकेल. पुढच्या आठवड्यात पाळी दिवसाची आहे, तेव्हाच सगळे आवाज घेऊन टाकू का?

वडशाचा माईकवाला
डब्बा अन् पाईप दिवसा घे, जवळून घेतल्यावर मागचं काही येत नाही. स्प्रिंकलर रात्रीच घ्यावं लागेल. वीस पावलांवरून घेशील तर दिवसा पाखरं घुसतात, अन् ती मग निघत नाहीत.