नुसता अझोला नको, पेंडीत मिसळा

पेंड परवडत नाही, तर माशांना नुसता अझोला (पाण्यावर तरंगणारं बारीक शेवाळासारखं नेचं) टाकला तर चालेल का, असं एकानं विचारलंय. नुसता नको. ओल्या अझोलात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. २०-२५ टक्के प्रथिनं म्हणतात ती वाळलेल्या वजनावर. घमेलंभर अझोला सावलीत वाळवला की ओंजळभर उरतो, चुरगळला की चहापत्तीसारखा. तासगावकडं आमच्या द्राक्षबागेच्या शेततळ्यात रोहू-कटल्याला मी तो शेंगपेंड आणि भाताच्या कोंड्यात मळून गोळे करून देतो. गवत्या (ग्रास कार्प मासा) मात्र ओलाच खातो. एप्रिलच्या उन्हात अझोल्याच्या वाफ्यावर शेडनेट हवीच, नाहीतर अझोला लालसर पडून वाढ थांबते. आणि माशांना चारा म्हणून कृष्णेतली जलपर्णी तळ्यात आणून सोडायचा विचार कृपा करून करू नका, ती पाण्यातले जड धातू शोषून घेते.